मुंगीचं डोकं स्पष्ट, पोट धूसर: असं का होतं?

प्रश्न : खेडला आमचं जुनं घर आहे. मागच्या परसात कढीपत्ता, लिंबू, जास्वंद, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, दोन काजू आणि एक हापूस. गेल्या पावसाळ्यापासून मला मोबाइलवर बारीक किड्यांचे फोटो काढायचा नाद लागला आहे. पण काजूवरच्या तांबड्या मुंगीचं डोकं स्पष्ट आलं की पोट धूसर येतं, पोट साधलं की डोकं जातं. पुस्तकांतल्या फोटोंत मात्र मिशांपासून पायांच्या नख्यांपर्यंत सगळं लख्ख असतं. हे कसं जमवतात? त्यासाठी महागडा कॅमेरा घ्यावाच लागेल का? आणि घरचे विचारतात की किड्यांचे फोटो काढून करायचं काय? त्यांना काय सांगू?
– एक वाचक, खेड (जि. रत्नागिरी)

उत्तर : आधी मनातली खंत काढून टाका. यात दोष तुमच्या हाताचा नाही, आणि बहुतेक वेळा मोबाइलचाही नाही. फार जवळ गेलं की कुठल्याही भिंगाला असंच दिसतं.

सुईत दोरा ओवताना काय होतं ते आठवा. सुई डोळ्यांजवळ धरली की तिचं नेढं स्पष्ट दिसतं, पण मागचं अंगण, तुळस, गडगा सगळं विरघळल्यासारखं होतं. नजर अंगणाकडे नेली की अंगण स्पष्ट आणि नेढं नाहीसं. डोळा एका वेळी एकाच अंतरावर जुळतो, भिंगाचंही तसंच. त्या अंतराच्या थोडं पुढचं आणि थोडं मागचं तेवढं स्पष्ट येतं. या पट्ट्याला छायाचित्रकार ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात, आपण स्पष्टतेची खोली म्हणू. समोरच्या डोंगराचा फोटो काढताना ही खोली काही किलोमीटर असते. जसजसं जवळ जावं तसतशी ती झपाट्याने आटते.

किती आटते, ते आकड्यांत पाहू. मॅक्रो फोटोग्राफीत ‘एकास एक’ हे माप नेहमी कानावर येतं. त्याचा अर्थ असा, की पाच मिलिमीटरचा किडा कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही पाच मिलिमीटरचाच उमटतो. 36 बाय 24 मिलिमीटरचा मोठा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर एकास एक मापाने, एफ-8 या छिद्रावर फोटो घेतला तर स्पष्टतेची खोली जेमतेम एक मिलिमीटर भरते. छिद्र बारीक करून एफ-16वर नेलं तर दोन मिलिमीटरच्या आसपास. आता तुमची तांबडी मुंगी घ्या, कोकणात जिला ओंबील म्हणतात ती. तिच्यातली मोठी कामकरी आठ ते दहा मिलिमीटर लांब असते. ती तुमच्याकडे तोंड करून उभी असेल तर डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंतचं अंतर त्या एक मिलिमीटरच्या पट्ट्यात मावणार कसं? छिद्र आणखी बारीक करत गेलं तर उजेड कमी पडतो, शिवाय फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश कडांपाशी पसरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. म्हणजे लाखाचा कॅमेरा आणला तरी ही अडचण तुमच्याबरोबर परसात येणारच. उलट मोबाइलचा सेन्सर लहान असल्यामुळे तेवढ्याच चौकटीत त्याला ही खोली थोडी जास्तच मिळते.

मग पुस्तकांतले फोटो लख्ख कसे येतात? त्याचे दोन मार्ग आहेत आणि पहिल्याला एक पैसाही लागत नाही. मुंगी समोरून न घेता बाजूने घ्या. तिचं अंग आडवं असताना मोबाइल तिच्या अंगाला अगदी समांतर धरा. डोकं, छाती आणि पोट तिन्ही भिंगापासून सारख्या अंतरावर आली की त्या एक-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात मावतात. समोरूनच हवा असेल तर फक्त डोळे साधा आणि पोट खुशाल धूसर जाऊ द्या. आपण समोरच्याचे डोळे आधी बघतो. ते स्पष्ट असले की बाकीचं धूसर खटकत नाही.

दुसरा मार्ग ‘फोकस स्टॅकिंग’चा. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बसवून फोकस केसभर पुढे सरकवत एकाच किड्याचे दहा, वीस, कधी शंभरही फोटो घेतात आणि संगणकावर प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडून एक चित्र करतात. छापलेले डोळे दिपवणारे बरेच फोटो असे तयार होतात. त्यासाठी किडा त्या सगळ्या वेळात हलता कामा नये. तो कधी हलत नाही याकडे मी पुढे येतोच.

मोबाइलवाल्यांची आणखी एक चूक होते. किडा बारीक, म्हणून फोन त्याच्या अंगावर नेला जातो. बऱ्याच फोनची मुख्य लेन्स आठ-दहा सेंटीमीटरच्या आत फोकसच करू शकत नाही, आणि त्या आत गेलं की सगळंच पुसट. फोन वीतभर मागे घ्या, दुप्पट झूम करा, फोकस त्या जागी बोट दाबून बांधून ठेवा. मग बोटांनी पडद्याशी झटापट न करता स्वतःच अंग किंचित पुढे-मागे झुकवा आणि डोळे स्पष्ट दिसले की टिपा. एकदम दहा-बारा फोटो घ्या, त्यातला एखादा लागतो. श्वास बाजूला सोडा. आपल्याला न जाणवणारी ती झुळूक किड्याला वाऱ्यासारखी लागते. आणि सावली त्याच्यावर पडू देऊ नका. सावली पडली की त्याच्या लेखी पक्षी आला.

याहून जवळ जायचं तर फोनला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स मिळते. घड्याळजी किंवा सराफ डोळ्याला लावतात तसं दहापट भिंग फोनच्या लेन्ससमोर धरलं तरी काम होतं. असं भिंग साधारण अडीच सेंटीमीटरवरचं स्पष्ट दाखवतं, म्हणजे किडा तुमच्या दोन बोटांच्या रुंदीपेक्षा लांब नको. घरात जुना कॅमेरा पडून असेल तर पन्नास मिलिमीटरची लेन्स उलटी बसवायची कडी आणा. ती मॅक्रो लेन्सच्या मानाने फारच स्वस्त पडते आणि उलटी बसवलेली हीच लेन्स जवळजवळ एकास एक माप देते.

उजेडाचं मात्र भिंगापेक्षाही जास्त अडतं. ढालकिड्याच्या पाठीवर दुपारचं ऊन पडलं की तिथे पांढरा ठिपका चकाकतो आणि खालचा लाल रंग जळून जातो. किड्याजवळ उजेडाचं उगमस्थान जितकं मोठं, तितका प्रकाश मऊ. सूर्य अवाढव्य असला तरी आभाळात त्याचा आकार टिकलीएवढा, म्हणून त्याचा उजेड कडक. किड्याच्या आणि उन्हाच्या मध्ये बटर पेपरचा एक ताव धरा. आता किड्याच्या दृष्टीने तो सगळा ताव म्हणजेच आभाळ. आपल्याकडचे पावसाळी ढग हेच काम फुकट करतात. पावसाची सर ओसरल्यावरचा तो पांढरा, सगळीकडून येणारा उजेड कोकणातल्या मॅक्रोवाल्याला मिळालेलं वरदान आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण या पत्रात मला सगळ्यात जास्त आवडलं ते तुमच्या झाडांचं वर्णन. तुमच्या हातात भिंग कुठलं आहे यापेक्षा तुम्हाला तुमची झाडं माहीत आहेत, ही मोठी गोष्ट आहे. ज्याला झाड कळतं त्याला किडा सापडतो, आणि ज्याला किड्याचा दिवस कळतो त्याला फोटो मिळतो. पावसाळ्यात माणसं कॅमेरे घेऊन रघुवीर घाटाकडे धाव घेतात, आणि धबधबे सुंदर आहेतच. पण घाटात तुम्ही तासभर थांबणार. परसात तुम्ही वर्षभर आहात.

किडा हलत नाही ती वेळ पहाटेची. किड्यांच्या अंगाला स्वतःची ऊब नसते, ती उन्हातून घ्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीत जगबुडीकाठी धुकं उतरतं आणि गवतावर दहिवर पडतं, तेव्हा सहा-साडेसहाला परसात जा. चतुर आणि टाचण्या काड्यांना धरून बसलेल्या असतात, पंखांवर दवाचे मणी. ऊन लागेपर्यंत त्या उडू शकत नाहीत. फोकस स्टॅकिंगला हवी ती स्थिरता इथे आपोआप मिळते. काही जण हीच स्थिरता मिळवायला किडे फ्रीजमध्ये ठेवून गारठवतात, नाहीतर डिंकाने चिकटवतात. असा फोटो काढू नका. त्यात किड्याचं अंग तेवढं दिसतं, त्याचं जगणं त्यातून निघून गेलेलं असतं.

तुमच्या काजूवरच्या मुंग्यांकडेच परत जाऊ. त्यांचं पानांचं घरटं बनताना पाहायला मिळालं तर सगळी कामं सोडून थांबा. दोन पानांच्या कडा जवळ आणायच्या असतात आणि एकीची लांबी पुरत नाही. मग एक मुंगी दुसरीची कमर जबड्यात धरते, तिची तिसरी, अशी साखळी होते आणि सगळ्या मिळून पान ओढतात. कडा भिडल्या की आतून काही जणी येतात. त्यांच्या जबड्यात पांढरट, तांदळाच्या कणीसारखं काहीतरी असतं. भिंगातून पाहिलं की कळतं, ती त्यांची अळी आहे. मोठ्या मुंगीला रेशीम काढता येत नाही, अळीला येतं. मुंगी अळीचं तोंड या पानाला टेकवते, मग त्या पानाला, पुन्हा या पानाला. विणकराचा धोटा मागावर फिरावा तशी ती अळी फिरते आणि मागे पांढरा धागा सुटत जातो. साध्या डोळ्यांना तिथे फक्त मुंग्यांची गडबड दिसते. धोटा भिंगाला दिसतो. हे पाहताना हात फांदीला लावू नका. ही मुंगी चावते आणि चावलेल्या जागी फॉर्मिक आम्लही सोडते, हे खेडच्या माणसाला मी सांगायला नको.

दुसरी जागा तुमचा कढीपत्ता आणि लिंबू. कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, फिकट पिवळा, गोल मणी दिसला तर ते लिंबाच्या फुलपाखराचं अंडं असण्याची शक्यता खूप. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि बहुधा पहिला घास स्वतःच्या अंड्याच्या कवचाचाच घेते. लहानपणी ती काळी-पांढरी, ओलसर, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे वळत नाहीत. शेवटच्या कातेनंतर एकदम हिरवीगार होते आणि पानात मिसळून जाते. हलकेच काडी लावली तर डोक्यामागून नारिंगी-तांबडी दुहेरी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लिंबाच्या पानावरचं अंडं कदाचित ‘ब्लू मॉरमॉन’चंही असेल, तेव्हा जपा. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखरू ठरवलं ती हीच राणी पाकोळी.

या अंड्यांवर रोज लक्ष ठेवलंत तर आणखी एक नाट्य दिसेल. एखादं अंडं काळं पडतं. त्यातून अळी येतच नाही, येते ती एक मिलिमीटरही नसलेली, गांधीलमाशीच्या गणातली माशी. तिच्या आईने आपलं अंडं फुलपाखराच्या अंड्यात घातलेलं असतं. शेतकरी ज्या ट्रायकोग्रामाची कार्डं पिकांत लावतात, ती याच तऱ्हेने जगते.

आणि जूनची पहिली पावलं चुकवू नका. मृग लागला, 7-8 जूनला पहिली सर पडली की ओल्या मातीवर लाल मखमलीचा मृगाचा किडा फिरू लागतो. त्याचे पाय मोजा. आठ भरतील. म्हणजे तो कीटक नाही, कोळ्यांच्या कुळातला आहे. अंगावरचे दाट केस जवळून घेताना बाजूचा तिरपा उजेड वापरा. समोरून उजेड टाकला तर ती मखमल सपाट लाल ठिपका होऊन जाते.

परसात बसताना एक काळजी घ्याच. फोटोसाठी आपण जमिनीवर आडवे होतो, गडग्याला कोपर टेकतो, चिऱ्याच्या फटीत डोळा लावतो. रत्नागिरी जिल्ह्यात त्याच फटींत आणि पालापाचोळ्यात फुरसं असतं. बसण्याआधी काठीने जागा हलवून पाहा, अंधारात बॅटरी घ्या, पायांत बूट असू द्या. दंश झालाच तर घरगुती उपायांत वेळ न दवडता थेट सरकारी रुग्णालय गाठा. खेडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे लेन्सलाही जपावं लागतं. तिच्या आत बुरशीची जाळी धरते आणि ती सहसा पुसून जात नाही. माझी एक चांगली लेन्स अशीच कपाटात बंद राहून गेली. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरा.

आता घरच्यांचा प्रश्न: करायचं काय?

त्यांना आधी फ्रान्सच्या झां आंरी फाब्रची गोष्ट सांगा. 1879 साली त्याने सेरिन्यां गावाजवळ एक खडकाळ, नापीक तुकडा विकत घेतला आणि 1915मध्ये मरेपर्यंत तिथलेच किडे पाहिले. त्याच्या निरीक्षणांचे दहा खंड झाले. शेजारच्यांना निरुपयोगी वाटलेल्या त्या तुकड्याने किड्यांविषयी जगाला जे सांगितलं, ते कुठल्या मोठ्या जंगलाने सांगितलं नव्हतं.

मग जवळचं उदाहरण द्या. 2021 साली ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याची नवी जात म्हणून नोंद झाली आणि 26/11च्या हल्ल्यात प्राण देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिचं नाव ‘इसियस तुकारामी’ ठेवलं गेलं. तो कोळी काही मिलिमीटरचा. इतक्या गजबजलेल्या भागातही तो तोवर विज्ञानाला अनोळखी होता. जवळून पाहणाऱ्याला अजून किती शिल्लक आहे, हे यावरून लक्षात येईल. अशा कोळ्याला आठ डोळे असतात. त्याचा समोरून फोटो घेताना पुढचे दोन मोठे डोळे क्षणात काळे, क्षणात फिके झालेले दिसतील. बाहेरची काच स्थिर असते, आतला पडदा हलत असतो. तो तुमच्याकडे वळून बघत असतो.

एकेकट्या माणसाचे फोटो एकत्र आले की त्यांचं ज्ञान होतं. डॉ. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलेलं ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ देशभरातल्या हौशी लोकांनी तारीख आणि ठिकाण घालून दिलेल्या फोटोंवर उभं आहे. ओळख पटवायला त्याचा उपयोग होईल, आयझॅक किहीमकर यांची फुलपाखरांवरची पुस्तकंही जवळ ठेवण्यासारखी आहेत. शेजारच्या दापोलीत 1972पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे, तिथे कीटकशास्त्राचा विभाग आहे. काजूच्या पालवीवरचा ढेकण्या, आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे यांचा स्पष्ट फोटो हाती असला की तिथल्या तज्ज्ञांना विचारणं सोपं जातं. आणि मोठा फायदा असा, की फवारणीचा पंप उचलण्याआधी माणूस दोनदा बघतो. ढालकिड्याची अळी काळी, काटेरी, दिसायला भीतीदायक. ओळखत नसलेला माणूस तिला कीड समजून चिरडतो. ती मावा खाते. तुमच्या फोटोमुळे घरातल्या एकानेही तिला ओळखलं, तरी त्या जास्वंदीचं भलं झालं.

म्हणून प्रत्येक फोटोबरोबर तीन गोष्टी लिहून ठेवा: तारीख, वेळ आणि किडा कुठल्या झाडावर होता. फोटो थोडा धूसर असला तरी या तीन गोष्टींमुळे त्याला किंमत येते. त्या नसतील तर सुंदर फोटोही नुसती शोभा होऊन राहतो.

सुरुवात कढीपत्त्यापासून करा. एकच झाड निवडा आणि महिनाभर रोज एका ठरावीक वेळी त्याच्यापाशी पंधरा मिनिटं थांबा. अंडं सापडलं की पानाच्या देठाला सैल दोरा बांधून खूण करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तेच पान हाती येईल. कोश झाला की उरलेले दिवस त्याच्यासाठी राखा. आतलं फुलपाखरू तयार झालं की कोशाचं आवरण पारदर्शक होतं आणि पंखांचे काळे-पिवळे ठिपके बाहेरून दिसू लागतात. बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळीच ते बाहेर येतं आणि पंख वाळेपर्यंत तिथेच लोंबकळत राहतं. त्या वेळी घरच्यांनाही मागच्या दारी बोलवा. ‘करायचं काय’ हे तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.